फुशिया की झुंबर जास्वंद?

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर एक फुशिया मेली. झुंबर जास्वंद म्हणून घेतली होती, जास्वंदीसारखीच सांभाळली. खाली झुललेली लाल फुलं आणि त्यांतून लोंबणारे पुंकेसर पाहून मलाही शंका आली नाही. एप्रिलच्या उन्हात ठेवली, पानांनी माना टाकल्या तसं दिवसातून दोनदा पाणी घातलं. मुळं कुजून गेली. फार हळहळ वाटली.

ओळख फुलातच आहे. झुंबर जास्वंदीच्या पाच पाकळ्या झालरीसारख्या कातरलेल्या आणि मागे वळलेल्या असतात. मधून एकच लांब दांडी खाली येते, पुंकेसर तिलाच चिकटलेले. फुशियाचं फूल म्हणजे कानातला डूल: वर चार रंगीत निदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं), खाली पाकळ्यांचा घेर, त्यातून आठ सुटे पुंकेसर. देठ फुलाला मिळतो तिथे मण्याएवढा हिरवा फुगवटा दिसतो, त्याचंच पुढे फळ होतं. फुलं नसतील तर पानं बघा. फुशियाची बहुधा समोरासमोर, जास्वंदीची एकाआड एक.

झुंबर जास्वंद पूर्व आफ्रिकेची. तिला ऊन द्या, छाटणी करा, ती खूश.

फुशियाच्या बहुतेक जाती मात्र दक्षिण अमेरिकेतल्या गार, धुकट डोंगरांतल्या. परदेशी माळी तिला ‘नाजूक’ म्हणतात ते हिमामुळे, म्हणून हिवाळ्यात घरात घेतात. कोल्हापुरात हे उलटं करायचं. आपली थंडी तिला मानवते, जीव जातो तो मार्च ते मे. तीस अंशांच्या पुढे ती कळ्या गाळू लागते. दिवाळीपासून तिला कोवळं सकाळचं ऊन द्या, शेंडे खुडत राहा, कारण फुलं नव्या फुटीवरच येतात. मार्च लागला की गच्चीवरून खाली, झाडाच्या गार सावलीत. पावसाळ्यात वळचणीला ठेवा, पण पागोळ्या कुंडीत पडू देऊ नका.

दुपारी पानं मलूल दिसली तर आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, फक्त कुंडी सावलीत सरकवा. मुळं धड असतील तर संध्याकाळी पानं पुन्हा ताठ होतात. मी आता डिसेंबरातच बिनकळीच्या शेंड्यांच्या चार-पाच काड्या ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावून ठेवते. मूळ झाड उन्हाळ्यात गेलंच, तर वंश राहतो.