पाऊस थांबला, हवा अजून ओलीच

दसऱ्याच्या आसपास चार-पाच दिवस कोरडे गेले की पाऊस गेला असं आपण धरून चालतो. मग एखाद्या दुपारी आभाळ भरून येतं, तासाभरात रस्त्यांवरून पाणी वाहू लागतं आणि कापून ठेवलेलं सोयाबीन भिजतं. पाऊस थांबणं आणि मोसमी पाऊस माघारी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला फरक आहे हवेतल्या बाष्पाचा. ऑक्टोबरची हवा समजून घ्यायची, तर ढगांपेक्षा या बाष्पावर नजर ठेवावी.

मोसमी पाऊस परतू लागतो तो पश्चिम राजस्थानातून. तिथून निघण्याची सर्वसाधारण तारीख आता १७ सप्टेंबर आहे. २०२० पूर्वी ती १ सप्टेंबर होती. सलग पाच दिवस पाऊस नाही, जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीपर्यंत जादा दाबाचं क्षेत्र तयार झालंय आणि हवेतलं बाष्प स्पष्टपणे घटलंय, अशा तिन्ही खुणा जुळल्या की हवामान खातं माघार जाहीर करतं. मुंबईसाठी ही तारीख ८ ऑक्टोबरच्या आसपास येते. पण तारखा म्हणजे सरासरी. २०१९ मध्ये राजस्थानातूनच माघार सुरू झाली ती ९ ऑक्टोबरला, आणि त्या वर्षी महाराष्ट्रात दिवाळीतही पाऊस होता.

बाष्प मोजायला उपग्रह आहेतच, पण त्यांच्या जोडीला एक जुनी आणि भरवशाची पद्धत आजही चालते. मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून रोज पहाटे आणि संध्याकाळी हायड्रोजन भरलेला फुगा सोडतात. त्याला टांगलेली छोटी डबी वर जाता जाता तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओ संदेशाने खाली कळवत राहते. तीस किलोमीटरच्या आसपास फुगा फुटतो. जुलैत हा फुगा कित्येक किलोमीटर ओल्या हवेतूनच चढत असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मात्र दोन-तीन किलोमीटरवरच आर्द्रतेचा आकडा एकदम कोसळलेला दिसू लागतो. कोरडी हवा आधी वर येऊन बसते, जमिनीलगत ती नंतर पोचते.

ही हवा कोरडी का असते? २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे सरकतो. राजस्थान-सिंधचा तापलेला पट्टा निवतो, तिथला कमी दाब भरून निघतो आणि वरची हवा खाली उतरू लागते. उतरताना ती दबते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. तापमान चढतं, बाष्प मात्र तेवढंच राहतं, म्हणून सापेक्ष आर्द्रता घसरते आणि ढग धरत नाहीत. वाराही बदलतो. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा मंदावतो आणि उत्तरेकडून, ईशान्येकडून जमिनीवरचा वारा वाहू लागतो.

पाऊस थांबल्यापासून हवा कोरडी होईपर्यंतच्या मधल्या पंधरवड्यात आपली खरी तगमग होते. ढगांचं छप्पर गेलेलं, ऊन कडक, आणि चार महिने भिजलेली जमीन दिवसभर वाफ सोडत असते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ३० अंशांच्या आसपास असणारं कमाल तापमान ऑक्टोबरमध्ये ३३-३४ पर्यंत जातं. त्यात पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा आत शिरतो, आणि तोवर पारा चढत राहतो. घाम येतो पण वाळत नाही. सावलीत उभं राहूनही उकडत असेल, तर हवा अजून ओली आहे असं खुशाल समजा.

हीच वाफ दुपारच्या गडगडाटी पावसाला खतपाणी घालते. सकाळी आभाळ निरभ्र असतं. अकराच्या सुमारास छोटे पांढरे ढग दिसतात, दुपारी ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगतात, आणि माथा दहा-बारा किलोमीटरवर पोचला की वर सपाट पसरतो. असा सपाट माथा दिसला की शेतातलं काम सोडून पक्क्या घरात जायला हवं. झाडाखाली मुळीच थांबू नये. विदर्भ-मराठवाड्यात या दिवसांत वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, आणि ती बहुतेकदा सोंगणीच्या घाईत सापडलेली असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते गावातल्या प्रत्येक फोनवर असावं, असं मला कळकळीने वाटतं.

बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं मात्र हा सगळा हिशोब उधळू शकतात. ऑक्टोबर २०२० मध्ये असंच एक क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरून थेट सोलापूर-पुण्यापर्यंत आलं आणि पंढरपूरला भीमेचा पूर आला. अरबी समुद्रही गप्प नसतो: नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या ‘फयान’ वादळाने कोकण किनारा गाठला होता. म्हणून ऑक्टोबरमध्ये आठवड्याच्या अंदाजापेक्षा रोजचा अंदाज पाहावा.

हवा खरोखर कोरडी झाली की ते रात्री कळतं. जमिनीची उष्णता अडवायला वाफ आणि ढग उरत नाहीत, त्यामुळे ती आकाशात निघून जाते. पुण्यात जुलैत दिवस-रात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचा फरक असतो, नोव्हेंबरमध्ये तो पंधराच्या घरात जातो. पहाटे गवतावर दव दिसतं. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला मात्र ते नको असतं, कारण छाटणीनंतरच्या कोवळ्या पानांवर ओल टिकली की डाऊनी हा रोग पसरतो.

सोयाबीन वाळायला ही कोरडी हवा हवी असते, पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी नुसत्या साठलेल्या ओलीवर वाढते आणि तीच हवा ही ओल ओढून नेते. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असं जुनी माणसं म्हणतात, ते याच ज्वारीकडे बघून. ऑक्टोबरच्या अखेरीची एखादी सरही तिला मोलाची. सर आली नाही, तर शेतकरी वरची माती हलवायला कोळपं धरतो. वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि खालच्या ओलीला हवेत उडून जायची वाट राहत नाही.