बँकिंग व नादारी वकिली : महाराष्ट्र व गोव्यातील जिल्हा पातळी

कर्ज देण्याआधी बँकेसाठी तारणाचे कागद तपासणे, कर्ज थकल्यावर ते वसूल करून देणे, कर्जदार किंवा जामीनदाराच्या वतीने त्या वसुलीला हरकत घेणे आणि कंपनी बुडाल्यास नादारीच्या कार्यवाहीत बाजू मांडणे, या सगळ्या कामांना वकिलांच्या बोलीत मिळून ‘बँकिंगची प्रॅक्टिस’ म्हणतात. मुंबईतल्या मोठ्या वकिली संस्थांत यातल्या प्रत्येक कामासाठी वेगळा विभाग असतो. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, जळगाव किंवा पणजीत तीन-चार वकिलांचे एकच कार्यालय हे सगळे करते. सकाळी सर्च रिपोर्टवर सही, दुपारी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्जाची चौकशी, संध्याकाळी जामीनदाराला समोर बसवून नोटिशीचा अर्थ सांगणे, असा त्या कार्यालयाचा दिवस जातो. ही नोंद या दुसऱ्या प्रकारच्या वकिलीविषयी आहे.

मोठ्या कंपन्यांच्या नादारीच्या बातम्या छापून येतात, म्हणून हा विषय न्यायाधिकरणातल्या युक्तिवादांचा वाटतो. जिल्ह्याच्या गावी बहुतेक फायलींचा निकाल मात्र कर्ज मंजूर होते त्याच आठवड्यात, सातबारा आणि फेरफार वाचताना लागलेला असतो. तिथे जे नजरेतून सुटते, ते दहा वर्षांनी लिलावाच्या दिवशी समोर येते.

तारणाची तपासणी

बँकेच्या पॅनलवर असलेला वकील दुय्यम निबंधक कार्यालयात, आणि आता ऑनलाइनही, साधारण ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतो. इंडेक्स दोनच्या नोंदी, फेरफारांची साखळी, ८-अ, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा, हे सगळे एकमेकांशी जुळते का ते पाहून तो मालकी हक्क ‘निर्वेध व विक्रीयोग्य’ असल्याचा दाखला देतो. या तीन शब्दांवर बँक लाखो रुपये सोडते.

सातबाऱ्यावर सगळ्यात लक्षपूर्वक वाचायचा रकाना ‘इतर हक्क’ हा. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क तिथे दिसतात. कर्ज फिटले की त्या नोंदीला कंस होतो, म्हणजे ती रद्द धरली जाते. कंस झाला नसेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला हातात असूनही कागदोपत्री बोजा जिवंत राहतो. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, आहे का, कूळकायद्याच्या कलम ४३ची अट आहे का, आदिवासी खातेदाराची असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खालचे निर्बंध लागतात का, हे प्रश्न इथेच विचारायचे असतात. औद्योगिक वसाहतीतल्या भूखंडांची गोष्ट निराळी. एमआयडीसी जमीन विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे गहाणासाठी महामंडळाची संमती लागते, आणि पुढे लिलावात भूखंड घेणाऱ्याला हस्तांतरण शुल्काचाही हिशेब धरावा लागतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती बहिणींच्या सह्या नसल्यामुळे. वडिलोपार्जित जमीन, वारसनोंद भावांच्या नावाने आणि हक्कसोडपत्र कुठेच नाही, अशा मिळकती सर्रास तारण दिल्या गेल्या. २००५च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकरी, केले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर लिलावाची जाहिरात आली की वाटपाचा दावाही येतो. अशा दाव्यांना वसुली रोखायची युक्ती म्हणून झटकून टाकण्याची सवय बँकांच्या वकिलांना आहे. ती सवय योग्य नाही. त्यातले अनेक दावे खरे असतात, आणि सही घेतली गेली नव्हती याची जबाबदारी तपासणी करणाऱ्यावरच येते.

महाराष्ट्रात गहाणाचा रूढ प्रकार म्हणजे मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवणे. एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. शिवाय सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत गहाणाची नोंद करायची असते. किरकोळ वाटणाऱ्या या नोंदीला पुढे किती महत्त्व आले ते जळगावच्या प्रकरणात दिसते.

सरफेसी आणि डीआरटी

नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९३च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे, म्हणजे डीआरटी, स्थापन झाली. मुंबईबाहेर ती पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, अपिलाचे न्यायाधिकरण मुंबईत आहे. बँकेने डीआरटीत जाण्यासाठी कर्जाची किमान मर्यादा आधी १० लाख होती. २०१८ मध्ये ती २० लाख झाली आणि त्याखालची प्रकरणे पुन्हा दिवाणी न्यायालयांकडे गेली.

रोजच्या कामाचा कणा मात्र २००२चा सरफेसी कायदा आहे. त्याने बँकेला न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला. हप्ते थकून खाते अनुत्पादक झाले की कलम १३(२)ची ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. कर्जदाराने हरकत पाठवली, तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. नंतर ताबा, मूल्यांकन आणि विक्रीच्या सूचनेनंतर ३० दिवसांनी लिलाव. बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली ठरलेल्या मुदतीत भरायची. कर्जदाराला ४५ दिवसांत डीआरटीकडे जाता येते. त्यासाठी आधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात रद्द केली. कर्जदारांच्या बाजूने या कायद्यात झालेला तो सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. उलट, तारण सोडवून घेण्याची मुदत २०१६च्या दुरुस्तीने आक्रसली. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर तो हक्क संपतो, हे सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात पक्के झाले. आजही पुष्कळ कर्जदार जाहिरात पाहूनच वकिलाकडे येतात. तोवर उशीर झालेला असतो.

नियमांनुसार ताब्याची सूचना दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले आणि त्या भागात पुरेसे खपणारे हवे. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर दाट अक्षरांत येणाऱ्या ‘ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार… त्याअर्थी कर्जदारास विशेषतः व सर्वसामान्य जनतेस’ या चौकटी त्यातूनच येतात. गट नंबर चुकला किंवा चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी पडली, तर तेवढ्यावरून लिलाव रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून सरावलेले कार्यालय मराठी मजकूर इंग्रजीवरून उतरवून घेत नाही, मूळ उताऱ्याशी ताडून लिहिते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतात. मुंबईबाहेर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यालाही हा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. त्यामुळे महसुली कामाच्या गर्दीत अडकणाऱ्या फायलींना दुसरी वाट मिळाली. दंडाधिकाऱ्याच्या वतीने ताबा घ्यायला वकिलाला आयुक्त म्हणून पाठवता येते का, यावर मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

ताब्याचा दिवस या वकिलीतला सर्वांत अवघड दिवस असतो. बंदोबस्ताचे पोलीस, बँकेचा प्राधिकृत अधिकारी, पंच आणि कुलूपवाला दारात उभे असतात. आत चुलीवर काहीतरी शिजत असते. पंचनाम्यात कपाट, फ्रीज, गॅसची टाकी, शिलाई मशीन अशी एकेक वस्तू लिहिली जाते. देव्हाऱ्यातले देव आणि मुलांची दप्तरे कुटुंबाला बाहेर नेऊ द्यायची, औषधे आधी काढून द्यायची, घरात म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असेल तर तसे नोंदवून तारीख मागायची, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. चांगले आयुक्त ते पाळतात. शेवटी कुलपावर कापड, लाख आणि मोहर बसते.

सहकारी बँका आणि पतसंस्था

महाराष्ट्रातल्या या वकिलीचे वेगळेपण सहकारामुळे आहे. नागरी बँका आणि पतसंस्था १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतात, आणि संस्थेचाच वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती व विक्री करतो. ‘एकशेएकचा दाखला’ हा शब्द तालुक्याच्या गावातही सर्वांना कळतो. या मार्गात वकिलाचे काम थोडे असते आणि चुकांना वाव जास्त. जामीनदाराला नोटीसच न मिळता दाखला निघाल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

सहकारी बँकांना सरफेसी वापरता येतो का, हा वाद बरीच वर्षे चालला. तो मिटला ५ मे २०२० रोजी, आणि तोही कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या बँका सरफेसीच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. कागल तालुक्यातल्या एका गावच्या बँकेच्या नावाने आज देशभर या निर्णयाचा हवाला दिला जातो.

दुसरा महत्त्वाचा निर्णय जळगाव जनता सहकारी बँकेचा. तारणावर आधी हक्क कोणाचा, बँकेचा की विक्रीकर खात्याचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे होता. ३० ऑगस्ट २०२२च्या निकालानुसार, ज्या बँकेने सेरसाईत नोंद केली तिला सरफेसी कायद्यातल्या, जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तरतुदींचा लाभ मिळून राज्याच्या करथकबाकीआधी पैसे मिळतात. एक ऑनलाइन अर्ज भरायचा राहिला म्हणून अग्रहक्क गेला, असे या निकालानंतर घडू शकते.

साखर कारखान्यांची कर्जे हा आणखी एक स्वतंत्र प्रांत. गोदामातली साखर मालतारण असते, गोदामाला बँकेचे कुलूप असते, आणि त्याच साखरेवर ऊस उत्पादकांच्या थकीत एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या कायद्याने ठरलेल्या किमान दरासाठी, साखर आयुक्तांचे वसुली प्रमाणपत्र येते. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती रक्कम जिल्हाधिकारी वसूल करतो. एका पोत्यावर दोन दावेदार, आणि दोघांचेही म्हणणे खरे. अशा वेळी शेतकऱ्याचे पैसे आधी मिळावेत ही भावना या भागातल्या वकिलांतही दिसते, ते कोणत्याही बाजूने उभे असोत.

नादारी संहिता

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. तिच्या पहिल्याच मोठ्या लढाईत एक पुण्याची कंपनी होती. पोलादी नळ्या बनवणाऱ्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध आयसीआयसीआय बँकेचा अर्ज जानेवारी २०१७ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, दाखल करून घेतला. कंपनीचा बचाव अस्सल महाराष्ट्री होता. बेकारी टाळण्यासाठी केलेल्या १९५८च्या राज्य कायद्याखाली शासनाने तिच्या देण्यांना स्थगिती दिलेली होती. संहितेपुढे राज्याचा कायदा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या बुटीबोरी वीज प्रकल्पाच्या, विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरच्या, प्रकरणात न्यायालयाने उलट बाजूला झुकते माप दिले : थकबाकी सिद्ध झाली तरी अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही, याबाबत न्यायाधिकरणाला काही विवेक उरतो. पुढच्या वर्षी तो निकाल त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरता मर्यादित ठरला.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एनसीएलटी मुंबईतच आहे. दूरदृश्य सुनावण्यांनी प्रवास वाचला, पण तिथे वकिलांबरोबर सनदी लेखापाल आणि कंपनी सचिवही उभे राहू शकतात, त्यामुळे जिल्ह्यातल्या वकिलाची मक्तेदारी नाही. शिवाय मार्च २०२० मध्ये नादारीच्या अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी झाली, आणि छोट्या पुरवठादारांच्या हातातले हत्यार गेले. चाकण किंवा वाळूजच्या लघुउद्योजकाचे ४० लाख अडकले, तर त्याला आता धनादेश न वटल्याची फिर्याद किंवा व्यापारी दावा अशा इतर मार्गांनी जावे लागते.

डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांनाही संहिता लागू आहे. यातून एक डावपेच निघाला. जामीनदार स्वतःच नादारीचा अर्ज करतो, अर्ज करताक्षणी अंतरिम स्थगिती लागते आणि उद्याचा लिलाव थांबतो. कायद्याने दिलेला श्वास घेण्याचा अवधी असा वापरला गेला, की ज्याला तो खरोखर हवा असतो त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

गोवा

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी नमुना एक व चौदा असतो, आणि पोर्तुगीज काळापासूनच्या जमीन नोंदी वाचाव्या लागतात. तिथल्या नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामायिक असते, त्यामुळे गहाणावर दोघांच्या सह्या हव्यात. सीमेपलीकडून आलेले वकील नेमके इथे चुकतात. मार्च २०१८ मध्ये दक्षिण गोव्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ५१५ कोटींच्या लिलावावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. तारणातला काही भाग शेतजमीन असल्याने सरफेसी लागू नाही, असे कर्जदार ब्लू कोस्ट हॉटेल्सचे म्हणणे होते. जमीन शेतीसाठी वापरात नव्हती, म्हणून ते मान्य झाले नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती शरद बोबडे नागपूरचे.

व्यवसाय

पॅनलवरील वकिलाला बँक प्रत्येक नोटीस आणि प्रत्येक सर्चमागे ठरीव शुल्क देते. वसुलीच्या टक्केवारीवर शुल्क ठरवायला वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे, आणि ती मनाई रास्त आहे. बहुतेक प्रकरणे एकरकमी परतफेडीत मिटतात, आणि जिल्ह्याच्या वकिलाची खरी कसोटी तिथे लागते, कारण बँकेचा व्यवस्थापक आणि कर्जदार दोघेही त्याच्या ओळखीचे असतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले. सहा जिल्ह्यांतल्या कर्जदारांना त्यामुळे रिट अर्जासाठी मुंबईची वारी उरली नाही, डीआरटीसाठी मात्र कोल्हापूरकरांना अजून पुणे गाठावे लागते.

नादारी संहितेचा व्यक्ती आणि भागीदारी संस्थांविषयीचा भाग जामीनदारांपलीकडे लागू झालेला नाही. त्यामुळे एकट्याच्या नावावर दुकान चालवणारा व्यापारी कर्जात बुडाला, तर मुंबईत १९०९चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२०चा नादारी कायदाच त्याच्यासाठी आहे. मुंबईबाहेर अर्ज जिल्ह्याच्या न्यायालयात करायचा असतो, आणि त्यासाठी कर्जाची किमान रक्कम अजून ५०० रुपयेच लिहिलेली आहे.