रस्त्याची रुंदी कोणी ठरवली? वसाहतींच्या पायाभूत खर्चाची पार्श्वभूमी

नव्या वसाहतीत पहिली कुदळ पडण्याआधीच रस्ते, पाणी, मलवाहिनी, पावसाळी गटारे आणि वीज यांवरच्या खर्चाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. तो ठरतो ले-आउटच्या, म्हणजे भूखंड आणि रस्त्यांच्या मांडणीच्या, कागदावर. 200 चौरस मीटरचा एक भूखंड घ्या. त्याची रस्त्याकडची बाजू 10 मीटर आणि खोली 20 मीटर असेल, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भूखंड असतील, तर त्याच्या वाट्याला 5 मीटर रस्ता येतो. तोच भूखंड आडवा ठेवला की 10 मीटर. रस्त्यासोबत प्रत्येक नळ, गटार आणि केबलही दुप्पट लांबते. स्वस्त सिमेंट किंवा स्वस्त पाइप शोधून एवढी बचत कधीच होत नाही. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेमधल्या होरासिओ कामिनोस आणि राइनहार्ड गोथर्ट यांनी वेगवेगळे ले-आउट घेऊन दर हेक्टरी रस्त्यांची आणि वाहिन्यांची लांबी मोजली, तेव्हा आकृतीच्या फरकाने खर्च किती बदलतो हे आकड्यांत दिसले.

पण रेषा आखणाऱ्याचे हात नियमांनी बांधलेले असतात, आणि त्या नियमांचा उगम साथीच्या भीतीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कामगारांची घरे कोंदट बोळांत, पाठीला पाठ लावून उभी होती आणि कॉलऱ्याने माणसे मरत होती. 1875चा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि त्यानंतर 1877 मध्ये आलेले नमुना उपनियम यांतून लांब रस्त्यांसाठी 36 फूट रुंदी रूढ झाली. उजेड आणि हवा मिळावी हा हेतू रास्तच होता. या नियमाने जीव वाचवले, हे आज रुंदीवर टीका करताना विसरता कामा नये. चूक झाली ती दुसरीकडे. घरांमधले अंतर आणि बांधीव रस्त्याची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या गेल्या. चार घरांच्या गल्लीलाही हमरस्त्याइतका पक्का पृष्ठभाग द्यावा लागू लागला, आणि तो पैसा वसूल करायला घरे आणखी दाटीने बांधली गेली.

ही गाठ इंग्लंडमधले नगररचनाकार रेमंड अन्विन यांनी सोडवली. त्यांनी आखलेल्या लंडनमधल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या वसाहतीसाठी 1906 मध्ये खास कायदा झाला. आतल्या छोट्या रस्त्यांना 20 फूट रुंदी चालेल, मात्र समोरासमोरच्या घरांत 50 फूट अंतर हवे, अशी त्यातली तरतूद होती. म्हणजे हवा तेवढीच, फरसबंदी कमी. 1912 मध्ये त्यांनी दहा एकरांचे दोन आराखडे शेजारी ठेवून हिशेब मांडला. एकात 340 घरे, दुसऱ्यात 152. विरळ आराखड्यात रस्ते इतके कमी लागत होते की प्रत्येक घराला जवळपास तिप्पट जागा मिळूनही जमिनीचे भाडे दीडपटीच्या आसपासच जात होते. हा हिशेब जमीन स्वस्त असेल तिथेच जुळतो, आणि महाग जमिनीवर त्याचा आधार घेणाऱ्यांनी पुढे बरीच गल्लत केली आहे.

अमेरिकेत प्रश्न वेगळ्या बाजूने आला. 1920च्या दशकात जमिनीचे तुकडे पाडून विकण्याची लाट उसळली आणि अनेक नगरपालिकांनी कर्ज काढून रस्ते-नळ आधीच टाकून दिले. मंदी आली, भूखंड ओसाड पडले, कर्जे मात्र उरली. त्यानंतर अंतर्गत सुविधांचा भार विकसकावर टाकणारे नियम सर्वत्र पसरले. खर्च कोण करणार हे बदलले, तेव्हाच तो कमी कसा होईल याकडे विकसकाचे लक्ष गेले. 1929 मध्ये न्यू जर्सीतल्या रॅडबर्न वसाहतीत क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या वास्तुरचनाकारांनी घरांचे मोठे गट आणि बंद गल्ल्या योजल्या. रस्ते आणि वाहिन्या सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाल्या आणि वाचलेल्या पैशांतून आतल्या बागा झाल्या, असे स्टाइन यांनी लिहून ठेवले आहे. याला एक किंमत होती. बंद गल्लीच्या टोकाशी जलवाहिनीही संपते, तिथे पाणी साचून राहते आणि ती वरचेवर धुवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनी रस्ते पुन्हा रुंद केले. मग उलटा प्रवास सुरू झाला: 1991 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडने वसाहतींतल्या रस्त्यांना 20 किंवा 26 फुटांच्या अरुंद रुंदीची परवानगी दिली. त्याआधी 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या व्हिलेज होम्स वसाहतीने पावसाचे पाणी बंदिस्त गटारांऐवजी उथळ गवती चरांतून नेले होते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ब्राझीलचा प्रयोग. मलवाहिनी उताराने वाहते, म्हणून ती पुढे जाईल तसतशी खोल जाते. वरून जड वाहने जात असतील तर सुरुवातच खोल करावी लागते. जितकी खोली, तितकी खोदाई, चराच्या भिंतींना आधार आणि पाण्याचा उपसा. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला नाताल शहरात अभियंता जोझे कार्लोस दे मेलो यांच्या कल्पनेतून वाहिनी रस्त्याखालून काढून परसातून, अंगणातून किंवा पदपथाखालून नेली गेली. तिथे ट्रक येत नाही. म्हणून बारीक पाइप उथळ पुरता आला आणि मोठ्या मॅनहोलच्या जागी छोट्या तपासणी पेट्या चालल्या. 1990च्या दशकात राजधानी ब्राझिलियाने हीच पद्धत गरीब आणि सधन दोन्ही वस्त्यांत स्वीकारली. वाहिनी कुठून जावी हे तिथे घरांच्या प्रत्येक गटातल्या रहिवाशांनी मिळून ठरवायचे होते. ती स्वतःच्या आवारातून नेली तर देखभाल त्यांच्याकडे येई आणि आकारणी कमी होई.