जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या जत्रा : एक पार्श्वभूमी

एखाद्या मोटारीचे उत्पादन थांबले म्हणून तिचे सुटे भाग दुसऱ्या दिवशी बाजारातून नाहीसे होत नाहीत. विक्रेत्यांच्या गोदामांत, गॅरेजच्या फळ्यांवर आणि अपघातात सापडलेल्या गाड्यांच्या सांगाड्यांत पुढची दहा-पंधरा वर्षे पुरेल इतका माल शिल्लक असतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण तोवर कंपनीने साचे मोडीत काढलेले असतात, वितरकाने धंदा बदललेला असतो आणि गाडी मात्र अजून कुणाच्या तरी दारात उभी असते. इंग्लंडमधले ‘ऑटोजम्बल’ आणि अमेरिकेतल्या ‘स्वॅप मीट’ या जुन्या मोटारींच्या भागांच्या जत्रा याच अडचणीतून जन्मल्या. त्यांचा इतिहास पाहताना एक गोष्ट सारखी समोर येते, ती अशी की कोणत्या वयाची गाडी ‘जपण्याजोगी’ मानायची याची रेषा ज्या काळी जिथे आखली गेली, त्यावरच पुढे कोणते भाग वाचले आणि कोणते भट्टीत गेले हे ठरत आले.

सुरुवातीला ही रेषा फार मागे होती. इंग्लंडमध्ये 14 नोव्हेंबर 1896 रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत झालेल्या मोटारींच्या दौडीची स्मृती म्हणून 1927 साली तशीच दौड पुन्हा काढण्यात आली. 1930 साली व्हेटरन कार क्लब स्थापन झाला आणि 1934 साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. या दुसऱ्या क्लबने 1930 अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच ‘व्हिंटेज’ मानले, तर ब्रायटनच्या दौडीत आजही 1905 पूर्वीच्याच गाड्या धावतात. त्या काळी सुटे भाग मिळवण्याचा मार्ग म्हणजे सभासदांची आपसांतली पत्रे, एखाद्या खेड्यातल्या लोहाराकडे चौकशी आणि नशीब. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची मागणी वाढली तेव्हा पडून असलेल्या असंख्य गाड्या भंगारात गेल्या, आणि युद्धानंतर छंद जोपासणाऱ्यांची संख्या वाढू लागली तेव्हा माल आधीच आटलेला होता.

अमेरिकेतली परिस्थिती वेगळी होती. फोर्डच्या मॉडेल टी या एकाच गाडीच्या 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या आसपास प्रती बनल्या होत्या, आणि शेतावरच्या कोठारात जागेची चणचण नसल्याने त्यांतल्या पुष्कळशा मोडक्या अवस्थेत का होईना, जागच्या जागी राहिल्या. 1935 साली फिलाडेल्फियात स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेने 1950 च्या दशकाच्या मध्यावर पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी शरद ऋतूतला मेळावा भरवायला सुरुवात केली. मुळात तो गाड्यांच्या प्रदर्शनाचा मेळावा होता. काही सभासद आपल्या गाडीमागे घोंगडी अंथरून जास्तीचे दिवे, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र) आणि चाके मांडून बसत, आणि पाहता पाहता प्रदर्शनापेक्षा या घोंगड्यांभोवतीच गर्दी होऊ लागली. पुढे ही संख्या हजारो जागांपर्यंत गेली आणि त्या मैदानांना लाल, हिरवे, नारिंगी अशी रंगांची नावे पडली. एका मैदानाला तर चॉकलेटचे. कित्येक वर्षे मैदानांवर फक्त गवत होते. त्यामुळे ऑक्टोबरच्या पावसात होणारा तिथला चिखल हा जुन्या मंडळींच्या आठवणींचा हक्काचा विषय आहे. मैदानांवर डांबर पडल्यावर आराम झाला, पण तक्रार करायला एक विषय कमी झाला.

हर्शीच्या नियमांनीच पुढच्या जत्रेला जन्म दिला. तिथे भर युद्धपूर्व गाड्यांवर होता, आणि 1950 च्या दशकातल्या शेवरोले किंवा कॉर्व्हेटचे भाग विकणाऱ्याला फारसे स्थान नव्हते. एकाच आडनावाच्या, पण परस्परांशी नाते नसलेल्या बिल मिलर आणि चिप मिलर या दोन मित्रांनी 1974 साली जवळच्याच कार्लाइल गावी युद्धोत्तर गाड्यांसाठी स्वतंत्र बाजार भरवला आणि तो इतका चालला की आज कार्लाइल स्वतःच एक मोठे केंद्र आहे. जुन्या क्लबांनी ज्यांना ‘नुसत्या वापरलेल्या गाड्या’ म्हणून नाक मुरडले होते, त्यांचे भाग या बाजारामुळे वेळेत गोळा झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, कारण रेषा बाहेरच्यांनी पुढे सरकवता येते हे तिने दाखवून दिले.

इंग्लंडमध्ये ही कल्पना आणली ती ब्यूली गावच्या लॉर्ड एडवर्ड माँटेग्यू यांनी. हॅम्पशरमधल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात त्यांचे वडिलोपार्जित घर होते. त्यांचे वडील जॉन माँटेग्यू हे ब्रिटनमधल्या मोटारीच्या आद्य प्रचारकांपैकी एक. 1902 साली त्यांनी मोटारींना वाहिलेले साप्ताहिक काढले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक केली. त्यासाठी मुंबईकडे निघालेले त्यांचे ‘पर्शिया’ जहाज 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवले. जॉन माँटेग्यू वाचले, पण त्यांच्या सचिव एलिनॉर थॉर्नटन बुडाल्या. रोल्स-रॉइसच्या बोनेटवरची पंख पसरलेली स्त्रीमूर्ती शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी 1911 साली घडवली, आणि तिच्यासाठी याच थॉर्नटनबाईंचा आदर्श समोर होता असे मानले जाते. या मूर्तीच्या अस्सल आणि नकली प्रती ओळखणे हा जत्रेतला आजही जोखमीचा व्यवहार आहे.

जॉन यांचे पुत्र एडवर्ड यांनी 1952 साली घराच्या दर्शनी दालनात वडिलांच्या स्मरणार्थ पाच गाड्या मांडून संग्रहालय सुरू केले. त्याचेच 1972 साली नॅशनल मोटर म्युझियम झाले. जुन्या गाड्या चालत्या ठेवायच्या तर सुटे भाग लागतात, आणि ते तर देशभर लोकांच्या माळ्यांवर पडलेले. अमेरिकेतल्या बाजारांच्या धर्तीवर 1967 साली ब्यूलीत पहिली जत्रा भरली, आणि चर्चच्या आवारात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या विक्रीवरून तिला ‘ऑटोजम्बल’ हे नावही लॉर्ड माँटेग्यू यांनीच दिले. दर सप्टेंबरात भरणाऱ्या या जत्रेत आता दोन हजारांच्या आसपास दुकाने लागतात आणि युरोपभरातून लोक येतात.

वेळही अनुकूल होती. 1952 साली ऑस्टिन आणि मॉरिस या मोटार कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) झाली होती, आणि 1968 साली तीही ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली. प्रत्येक विलीनीकरणात काही वितरक बंद पडत आणि त्यांच्या मागच्या खोलीतला, खाकी कागदात ग्रीस लावून गुंडाळलेला, कधीच न वापरलेला माल कवडीमोलाने बाहेर येई. असा न वापरलेला जुना माल हा आजही जत्रेत सर्वांत मोलाचा, कारण त्यावर झीज नसते आणि अनेकदा कागदावर भाग क्रमांक छापलेला असतो.

जत्रेत नेमके काय घडते हे पाहायचे तर एसयू या बनावटीच्या कार्बोरेटरचे, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, टेबल पाहावे. वरून सगळे सारखेच दिसतात. जाणकार गिऱ्हाईक आधी थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा बोटांत धरून हलवतो. तो खडखडला तर भोक झिजलेले आहे, तिथून हवा ओढली जाणार आणि इंजिन मंद गतीवर कधीच नीट चालणार नाही. मग वरचे घुमटासारखे भांडे काढून आतला पिस्टन वर उचलून सोडतो आणि तो न अडकता, टक्क आवाज करत खाली बसतो का ते ऐकतो. भांडे आणि पिस्टन कारखान्यात जोडीने बसवलेले असतात, त्यामुळे दोन वेगळ्या कार्बोरेटरांतून उचललेली जोडी दिसायला ठीक असली तरी चालीला बेभरवशाची. शेवटी पिस्टनखालच्या सुईच्या दांड्यावर कोरलेली अक्षरे तो भिंगातून वाचतो, कारण कोणती सुई कोणत्या इंजिनाची हे त्या अक्षरांवरून कळते. लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरवर (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागावर) तर मॉडेलबरोबर निर्मितीचा काळही ठोकलेला असतो, म्हणून गाडी ज्या वर्षीची त्याच्या थोडा आधीचा आकडा शोधणारे लोक हातात टॉर्च घेऊन पहाटेच फिरू लागतात. खिशात व्हर्निअर, आट्यांचा गेज, पितळ आणि लोखंड वेगळे ओळखायला चुंबक, आणि पाठीवर ‘अमुक भाग हवा आहे’ अशी पाटी. जत्रेचे दार लोकांसाठी उघडण्यापूर्वीच विक्रेते आपसांत पुष्कळ चांगला माल फिरवून मोकळे होतात, अशी कुरकुर प्रत्येक पिढी करते, आणि ती खोटी नाही.

पॅरिसमध्ये 1976 पासून रेट्रोमोबिल हा जुन्या मोटारींचा मेळावा भरू लागला. जर्मनी, इटली आणि ऑस्ट्रेलियातही असे बाजार आहेत. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या लोकप्रिय गाड्यांचे भाग नव्याने बनू लागले, इतके की 1988 साली एमजीबीची आख्खी नवी बॉडीच बाजारात आली. 1995 नंतर इंटरनेटवरच्या लिलावांनी ज्याचे नाव आणि क्रमांक ठाऊक आहे तो माल मैदानातून ओढून नेला. मैदानात उरले ते जड, अनोळखी आणि हातात घेतल्याशिवाय ओळखू न येणारे. माझ्या मते खऱ्या शोधाची मजा आता जास्तच आहे.

भारतात अशी वर्षातून एकदा भरणारी मोठी जत्रा रुजली नाही याचे कारण आपल्याकडची रेषाच वेगळ्या जागी होती. परवाना पद्धतीच्या काळात आयातीवर निर्बंध असल्यामुळे जुनी मॉडेले जुनी झालीच नाहीत. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3 इंग्लंडमध्ये 1959 साली बंद झाली, पण तिचीच भारतीय आवृत्ती असलेली अँबेसेडर 2014 पर्यंत बनत राहिली. तिच्यातले 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाच्याच कुळातले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली फियाट 1100, पुढची पद्मिनी, 1964 च्या साच्यातच 2000 सालाच्या आसपासपर्यंत टिकली. इटलीत जो भाग शोधायला जत्रेत जावे लागे, तो इथे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्याही दुकानात फळीवर असे. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार इथे छंदवाल्यांच्या आधी मिस्त्री पोचत, आणि जो भाग मिळाला नाही तो लेथवर टर्नरकडून करून घेतला जाई. त्यामुळे गाड्या चालत्या राहिल्या, पण मूळ भाग जपण्याची सवय लागली नाही. पेट्रोल महाग म्हणून इंजिन काढून डिझेल इंजिन बसवणे हा तर शहाणपणाचा व्यवहार मानला जाई.

आता ती रेषा आपल्याकडेही हलली आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदवली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक दिला आणि वाहन मूळ स्वरूपात असावे, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी अट घातली. परिणामी तीस वर्षांपूर्वी मिस्त्रीने उपटून कोपऱ्यात टाकलेले पेट्रोल इंजिन, मूळ कार्बोरेटर आणि क्रोमची जाळी यांची विचारपूस कुर्ल्यात आणि जुन्या बाजारात सुरू झाली आहे, आणि ज्या दुकानदाराने तो माल किलोच्या भावाने विकला नाही तो आता किंमत सांगण्यापूर्वी गाडीचा चासिस नंबर विचारतो.