तीन मिलिमीटर पाणी

16 एप्रिल 2025 पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला मुंबईचं प्रवासी विमान उतरू लागलं आणि आजूबाजूच्या गावांत विमानाविषयीची चौकशी वाढली. परदेशात बर्फावरून घसरून विमान धावपट्टीबाहेर गेल्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला, की पारावर हमखास ऐकू येतं, "आपल्या इकडं कुठं बर्फ पडते जी?"

बर्फ पडत नाही, हे खरं. पण विमानाच्या चाकाला बर्फ आणि पाणी यांच्यात आपल्याला वाटतो तेवढा फरक जाणवत नाही.

4 नोव्हेंबर 2021 पासून जगभर धावपट्टीची अवस्था 6 ते 0 अशा अंकांत सांगण्याची पद्धत लागू झाली. कोरडी धावपट्टी म्हणजे 6, नुसती ओली म्हणजे 5. दाबून घट्ट बसलेल्या बर्फाला तापमान उणे 15 अंश किंवा त्याखाली असेल तर 4 आणि त्याहून उबदार असेल तर 3. आणि 3 मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं असेल तर? फक्त 2. म्हणजे जानेवारीतल्या एखाद्या अवकाळी सरीनं पाणी तुंबलेली वऱ्हाडातली धावपट्टी कॅनडातल्या कडक थंडीतल्या दाबलेल्या बर्फापेक्षा वाईट ठरू शकते. सगळ्यात घातक, शून्य अंकाचा, असतो तो काचेसारखा गोठलेला, वरून ओला बर्फ. शून्य अंशाच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. कडाक्याच्या गोठणीपेक्षा वितळू लागलेली थंडी विमानाला जास्त भोवते, ती यामुळेच.

साचलेलं पाणी एवढं वाईट का? धावत्या टायरला पुढचं पाणी बाजूला सारून जमिनीला टेकायचं असतं. वेग फार असला की पाण्याला सरकायला सवड मिळत नाही. ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाकाला उचलून धरतं. मग चाक फिरायचंही थांबू शकतं, आणि ब्रेक कितीही दाबला तरी पकडायला जमीनच नसते. नासाच्या प्रयोगांतून यासाठी एक सोपं सूत्र निघालं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढून त्याला 9 ने गुणलं, की हा धोका सुरू होण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. दाब 200 असेल तर हा वेग सुमारे 127 नॉट, म्हणजे ताशी 235 किलोमीटर. मोठी जेट विमानं साधारण याच वेगानं टेकतात. बेलोऱ्याला येणाऱ्या एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाचा वेग कमी असतो, पण त्याच्या टायरमधला दाबही कमी असल्यानं त्याला हा धोका आणखी खालच्या वेगाला गाठतो.

8 डिसेंबर 2005 ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फ पडत असताना साउथवेस्ट कंपनीचं बोइंग 737 विमान धावपट्टी ओलांडून, कुंपण तोडून रस्त्यावर गेलं. एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. वारा मागून होता आणि इंजिनाचा उलटा जोर लावायला चांगलाच उशीर झाला होता. निसरड्या जमिनीवर हा जोर फार मोलाचा, कारण त्याला चाकांच्या पकडीची गरजच नसते. मागचा वारा मात्र दुहेरी घात करतो. जमिनीवरचा वेग 10 टक्के वाढला, की थांबवायची ऊर्जा 21 टक्के वाढते.

आता आपल्याकडचं पाहा. 7 ऑगस्ट 2020 ला केरळातल्या कोळिकोडला बर्फाचा कणही नव्हता. पाऊस होता, मागून वारा होता, आणि जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकलं. 21 जीव गेले.

बेलोऱ्याची धावपट्टी 1850 मीटर आहे. ताशी 200 किलोमीटरनं येणारं विमान न टेकता जमिनीच्या जरा वर तरंगत राहिलं, तर दर सेकंदाला 55 मीटर धावपट्टी वाया जाते. पाच सेकंदांत सव्वा फर्लांगाहून जास्त. हिवाळ्यातल्या सकाळी धुक्यात नजर चुकली तर एवढा उशीर सहज होऊ शकतो. म्हणून विमान अगदी खाली येऊन पुन्हा वर उचललं, किंवा 3200 मीटर धावपट्टीच्या नागपूरला वळवलं, की वैमानिकाला नावं ठेवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या घडीला त्यानं केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम असतं.

धावपट्टी लांब करा, ही मागणी रास्तच आहे. पण लांबीइतकाच निचराही जपायला हवा. मधोमध हलका उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार, काँक्रीट-डांबरात कापलेल्या बारीक आडव्या खाचा: हे सगळं पाणी 3 मिलिमीटरच्या खाली ठेवण्यासाठीच असतं. टेकणाऱ्या टायरांचं रबर या खाचांत बसत जातं, ते वेळोवेळी खरवडावं लागतं. आणि कडेची माती म्हणजे आपली कपाशीची काळी माती. पावसानं फुगली की पाणी धरून ठेवते, घसरून आलेल्या विमानाचं चाक त्यात रुततं. कडेचा पट्टा नीट दाबलेला आणि नाल्या मोकळ्या हव्यात, आणि ही कामं मृगाच्या आधी एकदा उरकून भागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत, गारपिटीचे ढग जमायच्या आधी, ती पुन्हा व्हायला हवीत.