रिपोर्ट नॉर्मल, तरी ‘किडनी अशक्त’

चीनमधल्या पारंपरिक औषधांच्या रुग्णालयात पंचेचाळिशीचा एक गृहस्थ येतो, असं समजा. कंबर धरते, गुडघ्यांत जीव नाही, पाय सदा गार, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, कंगव्यात केस येतात. वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघतो, जीभ बाहेर काढायला लावतो आणि सांगतो, ‘शन शू’. म्हणजे किडनी कमी पडतेय. याच गृहस्थाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी जो कचरा गाळते त्याचं रक्तातलं प्रमाण, ०.९ म्हणजे नॉर्मल आहे, लघवीत प्रथिनं नाहीत, सोनोग्राफीत काही नाही. हे कागद पुढे ठेवले तरी वैद्य निदान बदलणार नाही, आणि त्यात काही विसंगत आहे असंही त्याला वाटणार नाही.

कारण त्याच्या डोक्यातली किडनी, म्हणजे ‘शन’, हे वेगळंच प्रकरण आहे. नेफ्रॉन, गाळण, युरिया यांच्याशी तिचा संबंध बेताचाच. तिच्यात ‘जिंग’ साठवलेलं असतं. जन्माबरोबर मिळालेलं आणि आयुष्यभर पुरवून वापरायचं सत्त्व. वाढ, प्रजनन, हाडं, मज्जा, मेंदू, कान आणि डोक्यावरचे केस हे सगळं या जिंगवर चालतं. कंबर हे शनचं घर, भीती ही तिची भावना, हिवाळा तिचा ऋतू आणि काळा तिचा रंग.

याचं मूळ ‘ह्वांगदी नेइजिंग’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे. पहिल्याच अध्यायात पीतसम्राट, म्हणजे नावातला ह्वांगदी, विचारतो की हल्ली माणसं पन्नाशीतच का थकतात. उत्तरात आयुष्याचा अख्खा हिशेब येतो. बाईचं आयुष्य सातासातांनी मोजायचं: सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात, चौदाव्या वर्षी पाळी सुरू होते, एकोणपन्नासाव्या वर्षी ती थांबते. पुरुषाचं आठाआठांनी: आठव्या वर्षी दात बदलतात, सोळाव्या वर्षी वीर्य येतं, चाळिशीत केस गळू लागतात आणि चौसष्टीला दात-केस दोन्ही जातात. प्रत्येक टप्प्याला कारण एकच, शनची शक्ती भरली किंवा ओसरली. सात-आठाचा हट्ट सोडला तर निरीक्षण नेटकं आहे. रजोनिवृत्ती आजही एकोणपन्नासच्या आसपासच येते. तेव्हा ‘शन शू’ म्हणजे या हिशेबापेक्षा लवकर म्हातारं होणं. हा अवयवाचा आजार नाही, म्हातारपणाचा सिद्धांत आहे. तो तसा वाचला तर त्याच्याशी भांडण बरंच कमी होतं.

या कमतरतेचे मुख्य प्रकार दोन: यिनची, म्हणजे शरीरातल्या गारव्या-ओलाव्याची, आणि यांगची, म्हणजे उबेची आणि जोमाची. यिन कमी पडलं तर तळहात-तळपाय जळजळतात, रात्री घाम येतो, घसा कोरडा पडतो, कानात आवाज येतो आणि जीभ लाल दिसते. यांग कमी पडलं तर सगळं उलट: अंग गार, चेहरा निस्तेज, लघवी पाण्यासारखी आणि वरचेवर, कामेच्छा मंदावलेली.

यिनसाठीचं सगळ्यात नावाजलेलं औषध म्हणजे ‘ल्यूवेइ दीह्वांग वान’, सहा वनस्पतींच्या गोळ्या. आज ती मध्यमवयीन माणसं घेतात, पण ती जन्मली लहान मुलांसाठी. सुंग राजवटीतला बालवैद्य छ्यान यी याच्याकडे टाळू वेळेवर न भरणारी बाळं यायची. त्याने आठ घटकांचं एक जुनं औषध घेतलं, त्यातली दालचिनी आणि बचनागाच्या कुळातली उष्ण मुळी काढून टाकली आणि उरलेल्या सहांच्या गोळ्या केल्या. ही कृती १११९ सालच्या बालरोगांवरच्या ग्रंथात आहे. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे रेहमानिया या झाडाचं मूळ. ते मद्यात भिजवून वाफवायचं, वाळवायचं, पुन्हा वाफवायचं. परंपरेने ही नऊ आवर्तनं. पिवळट मूळ शेवटी डांबरासारखं काळं, चिकट आणि गोड होतं. काळा रंग म्हणजे शनचा, हा तर्क इथेही आहेच. काळे तीळ आणि काळा घेवडा यांनाही त्याच रांगेत मान मिळतो. आजच्या घट्ट केलेल्या काळ्या गोळ्या एका वेळी आठ, अशा दिवसातून तीनदा घ्यायच्या असतात. त्यांच्यावर चाचण्या पुष्कळ झाल्या, पण बहुतेक लहान आणि ढिल्या, त्यामुळे ठाम काही हाती लागत नाही.

आता एक मोह होतो. खरी किडनी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावते. ड जीवनसत्त्वाला अंतिम रूप देते, त्यावर हाडं टिकतात. अल्पोर्ट या आनुवंशिक आजारात किडनी आणि कान दोन्ही बिघडतात, कारण दोन्हीकडच्या पातळ पडद्यांत एकाच जातीचं कोलॅजन असतं. मग हाडं, मज्जा, कान हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं की काय? मला नाही तसं वाटत. ज्या यादीत केस, दात, मेंदू, भीती, हिवाळा सगळं आहे, त्यातलं काहीतरी जुळणारच. न जुळलेलं मात्र कोणी मोजत नाही.

त्यापेक्षा शांघायमध्ये शन झीयिन या डॉक्टरांनी (इथे ‘शन’ हे नुसतं आडनाव) जे केलं ते अधिक प्रामाणिक. १९५० च्या दशकापासून त्यांनी वैद्यांनी ‘यांग कमी’ म्हणून निवडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या संप्रेरकांचे अवशेष कमी भरले. म्हणजे हे रुग्ण निव्वळ कल्पनेतले नव्हते. पण खूण सापडली ती किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीची आणि तिला हुकूम देणाऱ्या मेंदूची, किडनीची नव्हे.

शनची दुसरी बाजू आपल्याकडे कोणालाही ओळखीची वाटेल. जिंगमध्ये वीर्यही येतं, म्हणून स्वप्नदोष किंवा हस्तमैथुन यांनी सत्त्व संपतं या धास्तीने चीन-तैवानमधले तरुण थकतात, चक्करतात, वैद्यांचे उंबरे झिजवतात. मानसोपचारात याला ‘शन-ख्वेइ’ म्हणतात, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत, विशिष्ट संस्कृतींशी जोडलेल्या विकारांच्या यादीत, त्याच्या जोडीला आपला ‘धात’ही आहे. आयुर्वेदात रसापासून मज्जेपर्यंत चढत शेवटी शुक्र, म्हणजे वीर्य, बनतं; चिनी विचारात जिंगपासून मज्जा बनते. दिशा उलटी, पण भीती तीच, आणि तिच्यावर चालणारा धंदाही तोच. या धंद्याची झळ समुद्रापर्यंत गेली आहे. वाळवलेला समुद्रघोडा यांगवर्धक मानतात, म्हणून तो आपल्या किनाऱ्यांवरूनही चोरून जातो. भारतात तो २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आणि खरी किडनी? ती शन शूच्या बरोबर उलट वागते. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळते, त्यातला दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर सोडते, आणि निम्मी क्षमता गेली तरी ना कंबर दुखते, ना पाय गार पडतात. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार चीनमधल्या सुमारे १२ कोटी प्रौढांना किडनीचा जुनाट आजार होता, आणि आठांतल्या जेमतेम एकाला त्याचा पत्ता होता. नाडी आणि जिभेवर हे कळत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन मोजावं लागतं.

या दोन किडन्यांची गाठ पडली ती ब्रुसेल्समध्ये, आणि फार वाईट पडली. १९९० च्या सुमारास तिथल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकने गोळ्यांत चिनी वनस्पती घातल्या. ‘फांग जी’ नावाच्या निरुपद्रवी मुळीऐवजी नावात साधर्म्य असलेली अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली मुळी आली. शंभराहून अधिक जणांच्या, बहुतेक बायकांच्याच, किडन्या बिघडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या आक्रसून निकामी झाल्या. या मुळीतलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनीच्या नलिकांतल्या पेशी शोषून घेतात आणि ते थेट डीएनएला चिकटतं. खबरदारी म्हणून ज्या ३९ रुग्णांच्या निकामी किडन्या काढल्या, त्यांतल्या १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. २००३ मध्ये चीनने याच कुळातल्या, औषधांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका वेलीवर बंदी घातली. बाल्कन देशांत पिढ्यान्‌पिढ्या गूढ राहिलेला किडनीचा आजारही गव्हात मिसळणाऱ्या याच कुळातल्या तणाच्या बियांचा निघाला.

सापाच्या विषावर, तापावर ज्याचं मूळ उगाळून देतात तो आपला सापसंद म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका. त्यातही हेच आम्ल आहे, आणि ते किती घेतलं तर चालतं याची सुरक्षित मात्रा आजवर ठरलेली नाही.