डिस्प्यूट : अर्थ, प्रतिशब्द आणि सीमाभागातील वापर

डिस्प्यूट : हक्क, वस्तुस्थिती किंवा मत यांबाबत दोन पक्षांत असलेला आणि अजून न सुटलेला वाद, या अर्थाचा इंग्रजी शब्द. नाम म्हणून वाद, विवाद, तंटा, कज्जा, भांडण हे त्याचे प्रतिशब्द. क्रियापद म्हणून त्याचा पल्ला हुज्जत घालण्यापासून समोरच्याचे म्हणणे अमान्य करण्यापर्यंत जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा शब्द शब्दकोशापेक्षा कोर्टाच्या कागदांतून आणि जमिनीच्या भानगडींतून लोकांच्या तोंडी बसला आहे. ‘ती जागा डिस्प्यूटमधली आहे, घेऊ नका’ हे वाक्य इथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

मूळ लॅटिन ‘डिस्पुतारे’. ‘डिस’ म्हणजे वेगवेगळे, ‘पुतारे’ म्हणजे हिशेब किंवा विचार करणे. ‘कॉम्प्युटर’ याच घराण्यातला. एकेक बाब सुटी करून तपासणे हा जुना अर्थ. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत ‘डिस्पुतात्सिओ’ म्हणजे ठरलेल्या प्रश्नावर नियमांनी केलेले खंडन-मंडन, शिकवण्याचीच एक पद्धत. आपल्याकडे न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन परंपरेने, यापेक्षा बारीक वाटणी केली होती. तत्त्व कळावे म्हणून करायचा तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. मराठीने वाद ठेवला, वितंडवाद ठेवला. जल्प मात्र बोलण्यातून गेला, प्रकार सर्रास चालू असूनही.

जवळचे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. डिबेटला विषय, वेळ आणि नियम असतात. शाळेतली वादविवाद स्पर्धा ती हीच, घंटा वाजली की बोलणारा खाली उतरतो. आर्ग्युमेंट म्हणजे वकिलाचा युक्तिवादही आणि घरातली वादावादीही. कॉन्ट्रोव्हर्सीला चार लोकांत गाजावे लागते. क्वारल म्हणजे शुद्ध भांडण, त्याला मुद्दा लागतोच असे नाही. डिस्प्यूटला मात्र दोन्हीकडून दावा लागतो, म्हणूनच तो नुसता विसरून संपत नाही, निकाली काढावा लागतो. मराठीतला ‘वादग्रस्त’ हा शब्द इथे जरा घोटाळा करतो. जागाही वादग्रस्त आणि पुढाऱ्याचे भाषणही वादग्रस्त. इंग्रजीत त्यांना दोन वेगळी विशेषणे लागतात.

सीमाभागात खरी गंमत ‘तकरार’ या शब्दाची. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. उर्दू-हिंदीत त्याचे भांडण झाले, मराठीत गाऱ्हाणे झाले. कन्नडमध्ये ‘तकरारु’ म्हणजे हरकत किंवा वाद, आणि महसुली कामात ‘तकरारु अर्जी’ म्हणजे हरकतीचा अर्ज. त्यामुळे कचेरीत ‘तुमच्या उताऱ्यावर तकरार आहे’ असे ऐकले की मराठी माणूस आधी विचारतो, ‘माझ्याविरुद्ध कोणी तक्रार केली?’ तक्रार कोणीच केलेली नसते, फेरफाराला भावकीतल्या कोणाची हरकत असते. ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ मात्र दोन्ही भाषांत एकच. कोर्टाच्या पायरीवर मराठी-कन्नड पक्षकारांची या दोन शब्दांवरून कधी अडचण होत नाही.

शेतातला डिस्प्यूट बहुधा बांधाचा. नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो, बांध कोरला जातो, मग मोजणी येते. यासाठी गावात ‘वाद’ किंवा ‘तंटा’ म्हणतात. ‘विवाद’ कोणी म्हणत नाही, तो वर्तमानपत्री. महाराष्ट्राने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, त्यामुळे वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीजवळ हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेले की ‘तंटा’ सरकारी शब्द होतो. हद्दीच्या अलीकडे, कर्नाटकात, तो बोलण्यातलाच राहिला आहे.

या भागातला सर्वांत मोठा डिस्प्यूट हद्दीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यात निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो नाकारला. कर्नाटकाच्या मते तोच अखेरचा. महाराष्ट्राची मागणी ८६५ गावांची आहे.

याला काय म्हणायचे, यावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळते. मराठी सीमावासी ‘सीमाप्रश्न’ म्हणतो, चळवळीतला ‘सीमालढा’ म्हणतो. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे ‘सीमावाद’ छापतात, कन्नड वर्तमानपत्रे ‘गडी विवाद’ (गडी म्हणजे सीमा). प्रश्न म्हटले की उत्तर येणे बाकी आहे असे ठरते, आणि कर्नाटकाची अधिकृत भूमिका तर प्रश्नच उरलेला नाही अशी. म्हणजे डिस्प्यूट आहे की नाही, हाच इथे पहिला डिस्प्यूट. कायद्याच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे. राज्यघटनेच्या १३१व्या अनुच्छेदानुसार राज्याराज्यांतले आणि राज्य-केंद्रातले, कायदेशीर हक्काशी निगडित असे डिस्प्यूट थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. महाराष्ट्राने २००४ साली त्याच आधारे दावा लावला. महाराष्ट्र वादी, केंद्र आणि कर्नाटक प्रतिवादी. राज्यांच्या सीमा बदलणे तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नाही, असे कर्नाटकाचे म्हणणे.

‘सीमातंटा’ मात्र कोणी म्हणत नाही. तंटा पाण्याला लागला : म्हादई जलतंटा लवाद. ही नदी खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्याकडे जाते. २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले, तरी वाद थांबलेला नाही. पाणी मोजता येते, वाटता येते, म्हणून त्याला बांधावरचा शब्द चालत असावा. हद्दीच्या बाबतीत भाषा आणि माणसे मध्ये येतात, तिथे तो तोकडा पडतो.

बोलीतला एक शब्द कोणत्याही कोशात डिस्प्यूटखाली सापडणार नाही, पण नोंद त्याच्याशिवाय अपुरी राहील. बेळगावी मराठीत ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणतात : ‘येतो म्हणाला, खरं आला नाही.’ बाहेरून आलेल्या माणसाला वाटते, समोरचा आपले म्हणणे मान्य करतोय. तो मान डोलावून ‘तुमचं बरोबर हाय, खरं...’ म्हणतो, खुर्ची पुढे ओढतो, आणि वादाला तिथून सुरुवात होते.